झोपडीचं नाणं

नाणी वाचणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. याची किंमत किती, आणि हे खरं की खोटं. पहिल्या प्रश्नाला भिंगवाले उत्तरच देत नसत. दुसऱ्याला इतकं ऐसपैस देत, की विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नसे.

संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर उत्तरेच्या खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. गळ्यात काळ्या दोरीला भिंग, म्हणून भिंगवाले. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच ते सुखानं नांदत होतं. तीस-पस्तीस वर्षं या माणसानं एकच काम केलं होतं, रोमच्या पडत्या काळातली तांब्याची नाणी वाचायची. नखाएवढी, हिरवट-काळी, झिजलेली नाणी. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला एखादं चित्र आणि भोवती अक्षरांची कड. एका नाण्यावर वाक्याचं डोकं शाबूत असायचं, दुसऱ्यावर शेपटी. दहा नाणी मांडली की कुठं एक वाक्य पुरं व्हायचं.

आलेल्या-गेलेल्याला ते एक नाणं हमखास दाखवत. त्यावर एक शिपाई घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला खुपसतोय, आणि भोवती अक्षरं, 'फेल टेम्प रेपारातिओ'.

"म्हणजे काय? तर सुखाचे दिवस परत आले," ते सांगत. "आता मला सांगा, ज्याच्या घरात खरंच सुख आहे तो दारावर तशी पाटी लावतो का? सरहद्द पेटली होती, दरबारी माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती, तेव्हा हे नाणं पोत्यांनी पाडलं. नाणं छाती ठोकून काही सांगायला लागलं ना, की समजावं, नेमकं तेच घरात नाहीये."

लोक हसत. बोलायला छानच होतं ते. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की याच टेबलाच्या डाव्या खणात दर महिन्याला एक पत्र येऊन पडत होतं, पत्राच्या माथ्यावर निळ्या शाईत छापलेलं होतं 'आनंदाचे दिवस पुन्हा', आणि या शहाण्या माणसाच्या मनात कधी पाल चुकचुकली नाही.

पत्र ताईचं असे.

ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. तेव्हापासून भावाचं न्हाणं-जेवणं, शाळेची फी, तापातली रात्र, सगळं तिच्या अंगावर. पुढे याच संग्रहालयात दोघांनी शेजारी शेजारी टेबलं टाकली. भाऊ नाणी वाचायचा आणि ताई कॅटलॉगसाठी ती काढायची. झिजलेलं नाणं फोटोत नुसता चिखल दिसतं. हातानं काढताना मात्र आपल्याला काय दिसलं ते ठरवावंच लागतं. ताई टोकदार पेन्सिलीनं एका दमात रेघ ओढायची. तिच्या टेबलावर खोडरबर नव्हतं. "खोडायचंच असेल तर काढायचं कशाला?" म्हणायची. भावानं एखाद्या चित्रावर 'इथं चूक आहे' असा शेरा मारला, की ती नाणं पुन्हा तपासायची आणि शेऱ्याखाली लाल पेन्सिलीनं दोनच शब्द लिहून कागद परत करायची. चूक नाही. असे शंभरेक कागद तरी परत आले असतील, आणि दर वेळी भिंगवाल्यांना आपला शेरा मुकाट्यानं मागे घ्यावा लागला होता.

एका नाण्यावरून मात्र दोघांचं कायमचं वाजलेलं होतं. झोपडीचं नाणं. अक्षरं तीच, सुखाचे दिवस वगैरे, पण चित्र वेगळं. झाडाखाली एक झोपडी, आणि शिरस्त्राण घातलेला शिपाई झोपडीतून एका चिमुकल्या माणसाला हाताला धरून बाहेर काढतोय. सोडवतोय, की पकडून नेतोय? जाणकारांचंही यावर एकमत नाही. भिंगवाल्यांचं मत, तो कैदी आहे आणि त्याला फरफटवत चालवलंय.

"बारक्या, शिपायाची मान बघ," ताई म्हणायची. ती त्यांना बारक्याच म्हणे, केस पांढरे झाले तरी. "चाललाय पुढे आणि बघतोय मागे, त्या एवढ्याशा माणसाकडे. ज्याला फरफटवायचं त्याच्याकडे कुणी वळून बघतं का? डोकं आपटेल, जपून ये, म्हणतोय तो."

"शिपायांना एवढं काळीज असतं तर रोम बुडालंच नसतं."

"बुडालं म्हणून काय झालं, एखादा असेल की," ताई म्हणायची आणि पेन्सिलीला टोक काढायला घ्यायची.

मग ताईचे कान गेले, पाठोपाठ गुडघे गेले. भिंगवाल्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. दोन वर्षांपूर्वी चार तासांच्या वाटेवरच्या एका वृद्धनिवासात त्यांनी तिची सोय केली. सोय केली, असंच ते म्हणत. ठेवलं असं कधी म्हणाले नाहीत. ऐकू येत नाही म्हटल्यावर फोनचा उपयोग नव्हता, म्हणून पत्रं. आणि पत्रात खेळ. दर पत्राखाली ताई आठवणीतून एक नाणं काढायची आणि त्यात मुद्दाम एक चूक पेरायची. एकच. भावानं ती ओळखून उलट टपाली कळवायची. ओळखली तर गुण त्याचा, नाही तर तिचा. ताई पुढे होती हे सांगायला नकोच.

"निवासातली माणसं फार व्यवस्थित," भिंगवाले बायकोला कौतुकानं सांगत. "पत्रं उघडीच कार्यालयात द्यायची. पाकीट ते चिकटवतात, तिकीट ते लावतात. म्हाताऱ्यांना तोशीस नको."

बायको दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसून निवृत्त झालेली. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात जन्म गेलेला, त्यामुळे न लिहिलेलंही वाचायची तिला खोड होती. "उघडी का?" तिनं विचारलं.

"डिंकानं हात चिकट होतात म्हणून असेल."

"असेल हो," बायको म्हणाली, आणि ज्या सुरात म्हणाली त्या सुराकडे भिंगवाल्यांनी कानाडोळा केला.

सात महिन्यांपूर्वी ताईचं पत्र आलं त्यात झोपडीचं नाणं होतं. मजकूर दोन ओळींचा. सगळं छान आहे, जेवण वेळेवर मिळतं, काळजी करू नकोस, चूक शोध. भिंगवाल्यांनी चहा निवायच्या आत चूक शोधली आणि एकटेच मोठ्यानं हसले. झोपडीतून बाहेर येणारं माणूस चिमुकलं नव्हतं, चांगलं शिपायाच्या खांद्याला लागत होतं, आणि त्याला अंबाडा होता. त्यांनी तिथल्या तिथं उत्तर लिहिलं: 'सापडली! बाई काढलीस, तीही अंबाडा घातलेली. मूळ नाण्यावर तो पुरुष असतो, आणि शिपायाच्या कमरेएवढा. एक गुण माझा. वय झालं ताई तुझं, फार सोप्या चुका करायला लागलीस.' शेवटी एक हसरा चेहराही काढला.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात आलेलं पत्र वेगळ्याच अक्षरात होतं. न्हाणीघरात पाय घसरला, हाताला मुका मार लागला, म्हणून मजकूर दुसऱ्याकडून लिहून घेते आहे, चित्र मात्र माझंच आहे. सगळं छान आहे. चूक शोध. खाली कोसळणारा घोडेस्वार होता, आणि घोड्याचा पुढचा एक पाय गायब होता.

त्यांनी लगेच निवासात फोन लावला. तिथल्या व्यवस्थापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, अगदी मधाळ बोलल्या. ताई आता ठणठणीत आहेत, फक्त पाहुणे येऊन गेले की त्यांची झोप उडते, तेव्हा महिना दोन महिने दम धरलात तर त्यांच्याच भल्याचं. भिंगवाल्यांनी दम धरला. त्यांच्या पुस्तकातल्या नकली नाण्यांवरच्या प्रकरणाचं लिखाण तेव्हा चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर कुणी थांबा म्हटलं याचं त्यांना बरंच वाटलं. पायाची चूक कळवून त्यांनी आपला गुण मांडून घेतला.

पुढच्या महिन्यात पुन्हा घोडेस्वारच आला. या वेळी पाय तर नव्हताच, शिवाय ढाल उलटी होती. त्याच्या पुढच्या महिन्यात पाय नाही, ढाल उलटी, स्वाराचा हात मानेतून निघालेला. एकाच चुकीचा नियम ताईनं मोडला होता. दुसऱ्या कुणाला खटकलं असतं. पण भिंगवाल्यांनी आपल्या प्रकरणाविषयी तिला पानंच्या पानं लिहिली होती. सम्राटाची टांकसाळ बंद पडली की गावोगावचे लोहार ही नाणी घरीच पाडायचे, एकमेकांचं बघून, अर्थ न कळता. तेव्हा ताई आता नकली नाणी काढून पाठवते आहे, भावाला चिडवते आहे, असा त्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला.

"डाव चढवलाय बाईनं," ते बायकोला पत्र दाखवत म्हणाले. "या खेपेला चार चुका. चारही पकडल्या मी."

बायकोनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "मला यातलं काही कळत नाही. पण चित्रं बघून माणूस कळत असतं, तर कुणी कुणाला भेटायला गेलंच नसतं. एकदा जाऊन या ना."

"प्रकरण संपलं की जातो."

"तुमची प्रकरणं संपून माणसं उरली तर."

भिंगवाले रागावले, आणि प्रकरण लिहीत राहिले.

मग जलवाहिनीचं खोदकाम करणारा अभियंता एक मडकं घेऊन आला. रस्त्याच्या कडेला सापडलेलं, फुटकं, आणि आत चिकटून गोळा झालेली पन्नासेक नाणी. भिंगवाल्यांना घबाडच मिळालं. सगळीच नकली, सगळ्यांवर तो कोसळणारा घोडेस्वार, आणि बहुतेक एकाच गावच्या लोहारांची. आठवडाभर ती भिजत घालून, सुईनं माती काढून त्यांनी मखमली तबकात मांडायला घेतली. अशी नाणी लावायची रीत ठरलेली असते. पहिला नकलाकार खऱ्यावरून काढतो, एखादी चूक करतो. दुसऱ्याकडे खरं नसतंच, तो पहिल्याची नक्कल बघून काढतो. त्याची चूक तशीच ठेवतो आणि आपली एक घालतो. तिसरा दोघांच्या चुका उचलतो. घोड्याचा पाय एकदा हरवला की पुढं तो कुणालाच सापडत नाही. म्हणून चुका मोजत जायचं, की कुणाची नक्कल कुणी केली त्याची रांग लागते.

दुपारपर्यंत रांग लागली. डावीकडे बऱ्यापैकी घोडा, मग तीन पायांचा, मग उलटी ढाल, आणि उजव्या टोकाला नुसता फणीसारखा आकार, ज्याला घोडा म्हणायला भूतदयाच हवी. त्यांनी भिंग लावून चौथं नाणं उचललं. त्यावर घोड्याचा लगाम आणि शिपायाचा भाला मिळून एकच रेघ झाली होती. ती रेघही सरळ नव्हती. मध्ये मध्ये थबकलेली होती. कोरणाऱ्याला यातलं काय कुठं संपतं ते माहीत नव्हतं. तो पुन्हा पुन्हा समोरच्या नमुन्याकडे बघत होता, आणि दर वेळी छिन्नी थांबत होती.

ही रेघ आपण कुठंतरी पाहिली आहे, असं त्यांना वाटलं. मग हात आपोआप डाव्या खणाकडे गेला.

ताईची शेवटची सहा पत्रं त्यांनी तबकाशेजारी ओळीनं मांडली. पाय. पाय आणि ढाल. पाय, ढाल आणि हात. चौथ्या पत्रात लगाम आणि भाला एकच झाले होते, आणि रेघ थबकत थबकत गेली होती. टेबलावर दोन रांगा होत्या, एक तांब्याची, एक कागदाची, आणि दोन्ही सारख्याच बिघडत गेल्या होत्या. ताईनं मुद्दाम चूक केली असती, शंभर केल्या असत्या. पण ताई चाचपडत चुकली नसती. घोडा काय असतो हे माहीत असलेला माणूस घोडा बिघडवतो तेव्हाही एका जागी बिघडवतो, आणि इथं घोडा सगळीकडून थोडा थोडा मरत होता.

तरी त्यांना ते मान्य करवेना. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बहिणीच्या पत्राला भिंग लावलं. कागदावर रेघांच्या बाजूनं बारीक लव उठली होती, जशी घासल्यावर उठते. खोडलेलं होतं. सहाही चित्रांत, जागोजाग, रबरानं खोडून पुन्हा काढलेलं होतं.

भिंगवाल्यांनी भिंग हातातून सोडलं. खिडकीतून उत्तरेचा तोच थंड उजेड येत होता, खाली फाटकापाशी कुणीतरी हसत होतं. ते स्वतःलाच विचारत होते, की गड्या, जगातल्या नकला ओळखायचा पगार घेतोस ना? मग सहा महिने कुणाशी खेळत होतास?

सापडलेल्या ठेव्यातलं सगळ्यात उशिराचं नाणं बघायचं असतं. त्यावरून कळतं, पुरणारा माणूस कधीपर्यंत धडधाकट होता. त्यांनी शेवटचं खरं पत्र काढलं. ताईच्या अक्षरातलं, झोपडीचं. कागदाला लव नव्हती, रेघा एका दमात ओढलेल्या. अंबाडा घातलेली बाई, आणि मागे वळून बघणारा शिपाई. एक चूक सापडली म्हणून सात महिन्यांपूर्वी त्यांनी पुढं बघितलंच नव्हतं. खेळात चूक एकच असायची. आता त्यांनी भिंग हळूहळू झाडावरून झोपडीवर आणलं. रोमन नाण्यावरच्या झोपडीला दार नसतं, नुसतं काळं तोंड असतं. ताईच्या झोपडीला दार होतं. आणि दाराला बाहेरून, केसाएवढ्या बारीक रेघेनं काढलेली कडी होती.

पत्रं उघडी द्यायची असतात. ती याशिवाय आणखी कसं लिहिणार होती?

त्यांनी बायकोला फोन केला. धड सांगताही येईना. बायकोनं मधेच तोडलं आणि एवढंच म्हणाली, "बोलत बसू नका. निघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते निवासाच्या फाटकाशी टॅक्सीतून उतरले आणि चालकाला थांबायला सांगितलं. फाटकावर निळ्या अक्षरांत पत्रांच्या माथ्यावरचीच ओळ होती, 'आनंदाचे दिवस पुन्हा'. आत फरशी इतकी स्वच्छ, की पावलांचे ठसे उमटावेत. लांबलचक ओवरी, दोन्ही अंगांना खोल्या, आणि प्रत्येक खोलीची कडी बाहेरून. कुणाच्या बोलण्याचा आवाज नव्हता. एका बंद दाराआड कुणीतरी भांड्यावर भांडं आपटत होतं, एका लयीत, आणि ओवरीतून जाणाऱ्या नोकराला ते ऐकू येत नसावं.

मोठ्या बाई कार्यालयात होत्या. "अहो, कळवलं असतंत तर," त्या हसून म्हणाल्या. "ताई आत्ताच झोपल्यात. संध्याकाळी या ना, नाही तर पुढच्या आठवड्यात. त्यांना तयार करून ठेवतो."

"झोपली असू दे. मी नुसता बघतो."

"तसं चालत नाही हो इथं. बाकीच्यांनाही मग वाटतं, आपलं कुणी का येत नाही."

भिंगवाल्यांचं त्यांच्या तोंडाकडे लक्ष नव्हतं. टेबलाच्या कडेला एक कागद होता. त्यावर अर्धा घोडा होता, फणीसारखा, आणि कागदावर गुलाबी खोडरबर ठेवलेलं होतं. शेजारी त्यांना ओळखीची वाटणारी, मागच्या महिन्याच्या चित्राची झेरॉक्स नमुना म्हणून टाचलेली. तेवढ्यात आतून स्वयंपाकघरातली बाई ओले हात पदराला पुसत आली, पाहुणा बघून थबकली, आणि कागद उचलायला झेपावली.

"घोडा तुम्ही काढता का?" भिंगवाल्यांनी विचारलं.

बाईनं मोठ्या बाईंकडे बघितलं. मग पुन्हा त्यांच्याकडे. "घोडा आहे होय तो?" ती म्हणाली. "मला म्हणाल्या, आधीचं बघून काढ. माझ्या पोरींना शाळेत चित्रं काढून द्यायचे मी, म्हणून मला सांगितलं. सहा महिने झाले, काय काढतेय तेच कळेना."

"तू आत जा," मोठ्या बाई म्हणाल्या. मधाचा टिपूसही नव्हता आता आवाजात.

बाई आत गेली नाही. "मागच्या अंगाला आहेत त्या," ती भिंगवाल्यांना म्हणाली. "चला."

इमारतीच्या मागे एक वाकडं झाड होतं, आणि झाडाखाली पत्र्याची कोठी. पूर्वी तिथं सरपण ठेवत असावेत. दार बुटकं होतं, कडी बाहेरून. भिंगवाल्यांनी झाड पाहिलं, कोठी पाहिली, आणि त्यांना रडू फुटलं. ताई आठवणीतून काढत नव्हती. समोर बघून काढत होती.

मोठ्या बाई मागून बोलतच होत्या. पडल्यावर अर्धं अंग गेलं, पण डॉक्टर येऊन गेले होते, इतरांना त्रास नको म्हणून इकडे आणलं, तुम्हाला उगाच घोर नको म्हणून कळवलं नाही.

"ती पडायच्या आधीपासून इथं होती," भिंगवाले म्हणाले.

"ताई फार तक्रारी लिहायच्या हो. सगळ्यांची मनं बिघडायची."

त्यांनी कडी काढली. आत एक खाट होती आणि खाटेवर ताई. केस कातरलेले होते, अंबाडा नव्हता. उजवा हात बाजूला दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडलेला. मुळात ती उंच, हाडापेराची बाई. आता इतकी आक्रसली होती, की उभी राहिली तर त्यांच्या कमरेला लागली असती. मूळ नाण्यावरच्या माणसाएवढी. उजेड डोळ्यांवर आला तशी तिनं डावा हात आडवा धरला आणि कोण आलंय ते बघत राहिली.

"ताई, मी. बारक्या." तिला ऐकू येत नाही हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

"सही केल्याशिवाय नेता येणार नाही," दारातून मोठ्या बाई म्हणाल्या. "असं उचलून न्यायला ही काय वस्तू आहे?"

"बाजूला व्हा," भिंगवाले म्हणाले. जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस तो. मोठ्या बाई बाजूला झाल्या.

स्वयंपाकघरातल्या बाईनं एका अंगानं ताईला उचलून धरलं. भिंगवाल्यांनी ताईचं डावं मनगट धरलं आणि वाकून बुटक्या दारातून आधी स्वतः बाहेर पडले. मग वळून मागे बघितलं. चौकट खाली होती, तिचं डोकं आपटलं असतं.

टॅक्सीत बसवल्यावर ती बाई पळत जाऊन एक पत्र्याचा डबा घेऊन आली. "तुमची पत्रं. त्यांच्या उशाला होती, मग कार्यालयात नेऊन ठेवली. काही यांनी टाकायला दिलेली आहेत, ती टाकलीच नाहीत." तिला आणखी काही बोलायचं होतं, पण तिनं फाटकाकडे बघितलं आणि टॅक्सीचं दार लावून घेतलं. टॅक्सी निघाली. सगळ्या बंद खोल्या मागे तशाच राहिल्या, आणि भिंगवाल्यांना वाटलं, आपण एकीला घेऊन पळतोय.

ताई खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं त्यांना ओळखलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी गुडघ्यांवर डबा ठेवून एका हातानं उघडला. सगळ्यात वर त्यांचंच पत्र होतं, सात महिन्यांपूर्वीचं, हसऱ्या चेहऱ्याचं. 'बाई काढलीस, तीही अंबाडा घातलेली. एक गुण माझा.' पत्र टाकण्यासाठी पुन्हा घडी घातलेलं होतं, वरच्या कोपऱ्यात त्यांचा पत्ता होता. आणि त्यांच्या शेऱ्याखाली, लाल पेन्सिलीनं, एका दमात ओढलेल्या अक्षरांत दोन शब्द होते.

चूक नाही.

भिंगवाल्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. घर यायला अजून चार तास होते. ताईचं मनगट त्यांनी सोडलं नाही.